माणूस येतो का

तळ्याची पातळी आमच्या अंदाजापेक्षा खूपच खाली गेली आणि ती का गेली हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नवरा गेल्यापासून ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत. मी डबा घेऊन टेबलाशी आले की तिथलं हसणं बंद पडायचं. कामं टाकताना मात्र कुणाचा जीव खालीवर झाला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारीच होते. म्हणजे, आभारी असायला हवं एवढं कळत होतं. वाटत काहीच नव्हतं. उठायचं, दात घासायचे, बस धरायची, काम करायचं, परत यायचं आणि पलंगाच्या माझ्या बाजूला झोपायचं. दुसऱ्या बाजूच्या चादरीला सुरकुतीसुद्धा पडत नसल्यामुळे सकाळी अंथरूण आवरायला निम्माच वेळ लागायचा. नातेवाईक म्हणाले, खंबीर आहे. शेजारीण म्हणाली, दगड आहे. शेजारणीचं जास्त बरोबर होतं.

माझं काम काय ते सांगायला लागलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. वर धरण आहे, मधून कालवा येतो, खाली बोअरवेलचा पट्टा आणि सगळ्यात शेवटी तळं. कोरड्या महिन्यांत शहर त्या तळ्याचं पाणी पितं. खालच्या पट्ट्यात पंप जास्त चालले की जमिनीतलं पाणी उतरतं आणि तळं बसतं. म्हणून किती पाणी सोडायचं आणि किती उपसू द्यायचं हे आधीच ठरवावं लागतं. पाऊस किती पडेल आणि लोक किती ऐकतील हे मात्र आधी कुणाच्या बापालाही माहीत नसतं. मग आम्ही शक्यतांचं जाळं मांडतो. भिंतभर कागद, त्यावर चौकटी, आणि ज्यामुळे जे होतं त्याच्याकडे जाणारा बाण. पाऊस, धरण, उपसा, तळं. कुठल्याच चौकटीत ‘होणारच’ असं नसतं, ‘दहात किती वेळा’ असं असतं. ते सगळं संगणकात भरलं की एका चौकटीला धक्का दिल्यावर सगळं जाळं हलतं आणि तळं टिकायची शक्यता किती ते समोर येतं. आमच्या साहेब बाई आहेत, पण त्यांना सगळे साहेबच म्हणतात. त्यांना ‘हो’ की ‘नाही’ एवढंच हवं असतं. जाळं म्हणतं, दहात सात. यावरून आमचं दर महिन्याला वाजतं.

पावसाची मोजणी असते, धरणाची असते. लोक नियम पाळतील का, याची कुठे मोजणी असते? तिथे आम्ही जाणत्या माणसांना विचारतो, आणि विचारायची आमची एक पद्धत आहे. शिंप्याकडून आणलेली शर्टाची वीस बटणं हातात द्यायची आणि पुढे दोन वाट्या ठेवायच्या: ‘पाळतील’ आणि ‘पाळणार नाहीत’. जितकी खात्री तितकी बटणं त्या वाटीत. टक्के विचारले की माणूस हुशारी दाखवतो, बटणं दिली की जरा थांबून विचार करतो. प्रत्येकाला वेगळं बसवायचं, एकाची वाटी दुसऱ्याला दिसू द्यायची नाही. शेवटी एकच प्रश्न विचारायचा, ‘हे तुम्हाला कशावरून वाटतं?’ आणि घरच्या माणसाला घरच्या माणसाने विचारायचं नाही.

मागच्या वर्षी खालच्या पट्ट्यासाठी नियम ठरला होता: आठवड्यातले तीन दिवस पंप बंद. तो लोक पाळतील का, या चौकटीसाठी तिघांना विचारलं होतं. एक आमचा कालवेवाला, म्हणजे कालव्याचा इंजिनियर. दुसऱ्या शेतकी खात्याच्या बाई. तिसरा माझा नवरा. तो भूजल तपासनीस होता. खालच्या पट्ट्यात फिरून बोअरमध्ये टेप सोडायचा आणि पाणी किती खोल आहे ते मोजायचा. टेपच्या टोकाला पाणी लागलं की त्याला जोडलेली पेटी पीं करून वाजते. पट्ट्यात त्याला नावाने कुणी हाक मारली नाही, सगळे ‘टेप’ म्हणायचे. घरचा माणूस म्हणून त्या वेळी विचारायला मी नव्हते, साहेबांनीच विचारलं. तिघांच्याही ‘पाळतील’च्या वाटीत सोळाच्या आसपास बटणं पडली. तिघं वेगवेगळे, आणि तिघांचं एकमत! साहेबांना इतका आनंद झाला की शेवटचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

आता तळं खाली गेल्यावर साहेबांनी बैठक घेतली.

“पाऊस ठीक, धरणातून सोडलेलं पाणी ठीक. मग तळं का बसलं?”

“कुठेतरी पाणी मुरतंय,” कालवेवाला म्हणाला आणि स्वतःच हसला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि त्याने हसू गिळलं. मला त्याची कीव आली असती, यायला हवी होती.

साहेब चष्मा पुसत म्हणाल्या, “नियम पाळला जातोय का, तेवढीच चौकट उरते. त्यात तिघांपैकी एक जण आता, म्हणजे, आपल्यात नाहीत. ज्यांना परत विचारता येत नाही त्यांची बटणं आपण काढतो. तुमची हरकत नसेल तर.”

“हरकत कसली,” मी म्हणाले आणि नवऱ्याची बटणं काढली. जाळं हललं नाही. बाकी दोघांचं मतही तेच होतं, त्यामुळे त्याच्या असण्या-नसण्याने काहीच फरक पडला नाही. मी पडद्याकडे बघत राहिले. माझ्या शेजारी बसलेल्या शेतकीच्या बाईंनी उगाच माझ्या दंडावर हात ठेवला.

“दोघांना परत विचारा,” साहेब म्हणाल्या. “आणि स्पष्टच सांगते, लोक ऐकत नसतील तर कोरडे महिने संपेपर्यंत खालच्या पट्ट्यातले सगळे बोअर सील करावे लागतील. प्यायला टँकर देऊ. शहराला तहानलेलं ठेवता येणार नाही.”

त्या पट्ट्यात माझ्या नणंदेची रोपवाटिका आहे. फळझाडांची कलमं, पिशव्यांमध्ये वाढवलेली, ओळीने सावलीच्या जाळीखाली उभी. शेतातलं पीक एखादा हंगाम सोडता येतं, कलमांचं तसं नाही. चार दिवस पाणी तुटलं की ती माना टाकतात, आणि आठव्या दिवशी पिशव्यांत नुसत्या काटक्या. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर तिने हे उभं केलं होतं. जागा तिच्या दादाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने बघून दिली होती आणि बोअर कुठे घ्यायचा तेही त्यानेच दाखवलं होतं. बोअर सील झाला तर ती पुन्हा उघड्यावर पडणार, हे साहेबांनाही माहीत होतं. म्हणूनच त्या चष्मा पुसत होत्या.

ती मला दर रविवारी फोन करायची. “वहिनी, दादा असता तर असं झालं नसतं,” हे वाक्य त्यात असायचंच, मग विषय पंपाचा असो नाहीतर गुडघेदुखीचा. मी “हो ना” म्हणायचे. एवढ्यावर आमचं निभत होतं.

दुसऱ्या दिवशी मी लहान खोलीत वाट्या मांडल्या आणि कालवेवाल्याला आत बोलावलं. तो नवऱ्याचा जुना मित्र, ऑफिसातही मला वहिनीच म्हणतो. त्याने बटणं हातात खुळखुळवली आणि फारसा विचार न करता पुन्हा सोळा बटणं ‘पाळतील’मध्ये टाकली.

“तळं खाली गेलंय तरी?” मी विचारलं.

“तळ्याचं काय, बाष्पीभवन असेल. लोक पाळतात, वहिनी.”

“कशावरून?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला कसं कळलं? गेला होतात तिकडे?”

त्याने बुटांकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, “खरं सांगू का? टेप सांगायचा. कालव्यावर भेटलो की म्हणायचा, माझ्या पट्ट्यातली माणसं सोन्यासारखी आहेत, एकदा सांगितलं की ऐकतात. तो रोज जाणारा माणूस. मी म्हटलं, याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?”

मी त्याचे आभार मानले आणि शेतकीच्या बाईंना बोलावलं. त्यांनी पंधरा टाकली आणि एक बटण बराच वेळ चिमटीत धरून शेवटी तेही त्याच वाटीत सोडलं.

“कशावरून, बाई?”

त्या एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. “अहो, तुमचे मिस्टरच म्हणायचे ना.”

तीन माणसं होती आणि मत एकाचंच होतं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात लाजिरवाणी चूक. तिघांनी एकच गोष्ट सांगितली की आम्ही तिला तिप्पट भक्कम धरतो, आणि ती एकाच तोंडून तीन कानांत गेलेली असू शकते हे विसरतो. नवऱ्याची बटणं काढली तरी जाळं का हललं नाही, ते आता कळलं. तो अजून दोन वाट्यांत बसलेला होता. खोलीत एकटी असताना मी दोन्ही वाट्या रिकाम्या केल्या. खरं तर या जागी माझ्या छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. मी बटणं डब्यात भरली आणि झाकण लावलं.

ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात आता अर्थ नव्हता. बुधवारी, म्हणजे पंप बंद ठेवायच्या दिवशी, मी ऑफिसची जीप घेऊन खालच्या पट्ट्यात गेले.

रस्त्याला लागूनच टोमॅटोचं शेत होतं. जीपचा आवाज आला तसा तिथला पंप गचकन बंद पडला. मालक, चांगला सत्तरीचा माणूस, तोंडभर हसत समोर आला. “नाही हो, आज बुधवार ना! बंदच आहे.” त्याच्या मागे पाइपाच्या तोंडातून पाणी अजून गळत होतं. पुढे दोन ठिकाणी हेच झालं. मला राग येत नव्हता, आश्चर्यही वाटत नव्हतं. मनातल्या मनात बटणं एका वाटीतून दुसरीत टाकत मी पुढे गेले.

नणंदेच्या रोपवाटिकेत मात्र पंप बिनदिक्कत चालू होता, आणि जीप पाहूनही तिने तो बंद केला नाही. हातातली नळी तशीच धरून ती पिशव्यांच्या ओळीतून बाहेर आली.

“वहिनी! फोन नाही, काही नाही! अगं, किती वाळलीस. बस, चहा टाकते.”

“आज बुधवार आहे,” मी म्हणाले.

“माहितेय. मला कॅलेंडर वाचता येतं.”

“मग?”

तिने नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं, पाणी फेकलं आणि पुन्हा सोडून दिलं. “टोमॅटोवाले चालवतात, पलीकडचे चालवतात. मीच बंद ठेवला तर माझ्या बोअरचं पाणी ते ओढून नेणार. मग माझी कलमं कुणाच्या तोंडाकडे बघणार?”

“मागच्या वर्षी तर ठेवत होतीस.”

“मागच्या वर्षी दादा यायचा.”

“तो काय दंड करायचा?”

“दंड? तो?” ती हसली. “त्याला साधं रागावता यायचं नाही, तुला माहीत नाही का? यायचा, टेप सोडायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. मग शेजाऱ्यांचा आकडा सांगायचा. ‘टोमॅटोवाल्यांचं पाणी अठरा मीटरवर, पलीकडच्यांचं साडेअठरा, तुझं अठरा.’ मग चहा प्यायचा आणि पुढे जायचा. त्यांच्याकडे जाऊन माझा आकडा सांगायचा. त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं कळायचं. कुणी चोरून चालवला की आठवड्यात उघडं पडायचं, म्हणून कुणी चालवायचंच नाही. आता कोण येतं? कुणाचं किती उरलंय कुणास ठाऊक. जो तो म्हणतो, दुसरा ओढतोय, मी कशाला मागे राहू?”

पंप गुरगुरत होता. मी पाण्याच्या टाकीच्या कडेवर बसले. तिने आत जाऊन चहा आणला आणि माझ्याशेजारी ठेवला.

नवरा म्हणायचा, माझ्या पट्ट्यातली माणसं सोन्यासारखी आहेत. सोन्यासारखी वगैरे कुणी नव्हती, चारचौघांसारखी होती. नियम टिकला होता तो हा बाबा दर आठवड्याला टेप घेऊन दारोदार फिरत होता म्हणून. आणि ते त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं! सोळा बटणं त्याने लोकांच्या चांगुलपणावर लावली, स्वतःच्या फिरण्यावर एकही नाही. आमच्या जाळ्यातही मग ती चौकट आली नाही, कारण जे रोज होतं त्याची कुणी चौकट काढत नाही.

“वहिनी, बोअर सील करणार म्हणतात. खरं आहे का गं?” नणंदेने विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

“ठरायचंय.”

“दादा असता तर...”

“हो ना,” मी म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. चहा टाकीच्या कडेवर तसाच राहिला.

शुक्रवारी साहेबांसमोर मी भिंतीवरच्या कागदावर नवीन चौकट काढली. तिच्यात लिहिलं, ‘माणूस येतो का’. तिच्यातून एक बाण काढला, ‘नियम पाळतील का’ या चौकटीकडे. पट्ट्यात काय पाहिलं ते सांगितलं, नणंदेच्या पंपासकट. माझी नणंद आहे म्हणून तिचं मत धरू नका, बाकीच्यांकडचंही तेच आहे, असंही सांगितलं.

“म्हणजे माणूस येत असेल तर विसात सोळा,” साहेब म्हणाल्या. “आणि येत नसेल तर?”

“चार. तेही मी मोठ्या मनाने देतेय.”

“भरा मग.”

संगणकावर त्या चौकटीत दोनच ओळी होत्या: ‘येतो’ आणि ‘येत नाही’. इतर चौकटींत आम्ही कधी शंभर टक्के लिहीत नाही, तो आमच्याकडे गुन्हाच मानतात. इथे लिहायला हवं होतं. मी माउसचा बाण ‘येत नाही’वर नेला आणि माझं बोट थांबलं. कालवेवाला खिडकीबाहेर बघायला लागला. शेतकीच्या बाईंनी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. माझ्याच नवऱ्याबद्दल एक साधी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मला लिहायची होती, आणि त्याच्या मृत्यूचा दाखला काढतानासुद्धा ज्या हाताला काही झालं नव्हतं तो हात जड झाला. मी दाबलं. शंभर टक्के. जाळं हललं, खालपर्यंत हललं, आणि तळं टिकायची शक्यता दहात दोनवर आली.

“सील करावे लागणार,” साहेब हळूच म्हणाल्या. “मला माफ करा.”

“त्याची जागा अजून का भरली नाही?” मी विचारलं.

साहेबांनी कालवेवाल्याकडे पाहिलं.

“तपासनिसाची जागा. इतके महिने रिकामी का आहे?”

कालवेवाला खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला, “वहिनी, आम्हीच ठरवलं होतं. वर्ष होईपर्यंत तुमच्यासमोर तो विषय काढायचा नाही. त्याच्या टेबलावर दुसरा कुणी बसलेला तुम्ही रोज बघणार... आमच्याच्याने होईना.”

म्हणजे माझं मन राखण्यासाठी ही सगळी शहाणी माणसं मूग गिळून गप्प बसली होती. तिकडे पट्ट्यात कुणी फिरकत नव्हतं, पंप चालू होते, तळं उतरत होतं आणि माझ्या नणंदेचा बोअर सील व्हायच्या बेतात होता. आणि ज्या मनाला एवढं जपलं ते मन जागेवर होतं कुठे? टेबलावर हत्ती आणून बसवला असता तरी मला काही वाटलं नसतं.

“भरा,” मी म्हणाले. “आजच भरा. कुणीही चालेल, फक्त दर आठवड्याला जाणारं आणि मोठ्याने आकडा वाचणारं पाहिजे.”

“नवीन माणसाला सोळा देता येणार नाहीत,” साहेब म्हणाल्या. त्या साहेब आहेत ते उगाच नाही. “त्याचं कोण ऐकेल, माहीत नाही.”

“मग दहा द्या. निम्मे. माहीत नाही, तर माहीत नाही असंच लिहा.”

दहा भरले. तळं दहात पाचवर आलं. साहेबांनी तळ्याच्या मोजपट्टीवरची एक खूण ठरवली. तोपर्यंत बोअर उघडे राहतील, पातळी त्या खुणेखाली गेली की दुसऱ्या दिवशी सील. त्यात कुणाची नणंद, कुणाची बहीण बघितली जाणार नाही. मला ते मान्य होतं.

शहरातल्या पाण्याचे मीटर वाचणाऱ्या एका बाईंची तिकडे बदली झाली. पन्नाशीच्या, उंच, डोक्याला मोठी टोपी, आणि जिभेला हाड म्हणून नाही. पहिल्या फेरीला त्यांची ओळख करून द्यायला मी बरोबर गेले. टोमॅटोवाल्यांकडे त्यांनी टेप सोडला, पेटी वाजली आणि त्यांनी आकडा असा ओरडून वाचला की झाडावरचे पक्षी उडाले. म्हातारा ओशाळून हसला. पलीकडच्यांनीही कुरकुर करत झाकण उघडून दिलं. नणंदेकडे मात्र गाडी अडली.

ती बोअरच्या झाकणावर पाय ठेवून उभी राहिली. मागे पंप चालूच होता.

“ताई, जरा पाय काढता का?” नव्या बाई म्हणाल्या.

“दादाशिवाय या बोअरला कुणी हात लावायचा नाही.”

“यांनी मोजलं नाही तर तुझा आकडा कुणाला कळणार नाही,” मी म्हणाले. “मग बाकीचे पुन्हा म्हणणार, तीच ओढतेय. पुन्हा सगळे पंप सुरू. तळं खुणेखाली गेलं की पहिलं सील तुलाच बसेल.”

“बसू दे. हा बोअर दादाने दाखवलाय, टेप त्याचाच पडला पाहिजे यात.”

“दादा मेलाय,” मी म्हणाले.

हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. गेला, सोडून गेला, आपल्यात नाही. नव्या बाईंनी टेप छातीशी धरला.

“वहिनी!”

“मेलाय. मी शेजारी झोपलेले होते, मला माहीत आहे. तो येणार नाही. तू त्याच्यासाठी झाकणावर पाय रोवून उभी आहेस, ते तिकडे त्याच्यासाठी टेबल रिकामं ठेवून बसलेत, आणि मी... मी तर त्याच्या बाजूची चादर बदलतसुद्धा नाही. आणि तो? सगळा पट्टा एकट्याने डोक्यावर घेऊन फिरत होता. कुणाला सांगितलं नाही, कुणाला शिकवलं नाही. छातीत दुखतंय हेसुद्धा सांगितलं नाही मला! म्हणे लोक सोन्यासारखे आहेत. मूर्ख माणूस!”

माझा आवाज इतका चढला होता की टोमॅटोवाला कुंपणापर्यंत आला. राग कसा असतो ते मी विसरूनच गेले होते. आधी पोटात येतो, मग कानशिलांत. तो सगळा त्याच्यावर होता, एकट्या त्याच्यावर, आणि तो समोर नव्हता.

नणंद झाकणावरून उतरली आणि पंपाच्या ओट्यावर मटकन बसली. पदराने तोंड झाकून ती रडली, पंपाच्या आवाजात ते नुसतं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मग तिने डोळे पुसले, उठली आणि खटका खाली ओढला. पंप थांबला. एवढी शांतता झाली की पिशव्यांतून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं.

“टाका तुमचा टेप,” ती नव्या बाईंना म्हणाली.

टेप खाली गेला, बराच खाली गेला. पेटी वाजली. नव्या बाईंनी आकडा वाचला, या वेळी न ओरडता. नणंदेने टोमॅटोवाल्यांचा किती ते विचारलं, बाईंनी सांगितलं, आणि तिने कुंपणाकडे वळून म्हाताऱ्याला असा एक लुक दिला की तो मुकाट्याने घराकडे वळला.

मी टाकीच्या कडेवर बसले होते. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“रविवारी फोन केला की मी ‘दादा असता तर’ म्हणते आणि तू ‘हो ना’ म्हणतेस,” ती म्हणाली. “आता काय बोलायचं गं आपण?”

“त्याला शिव्या घालू,” मी म्हणाले.

तिने रडतारडताच हसून पहिली शिवी घातली, चांगली सणसणीत. दुसरी मी घालायला गेले. ती अर्धीच आली तोंडातून, आणि तिथेच, टोपीवाल्या बाईंसमोर, मला रडू फुटलं.